पश्चिम जावातलं आडबाजूचं सुंदा गाव सुचवा

रानवाटकरी:
इंडोनेशियातल्या जावाला जायचं चाललंय. बांडुंग, चहाचे मळे वगैरे सगळेच सांगतात पण मला सुंदा, म्हणजे पश्चिम जावातल्या मूळ लोकांपैकी, शेतकऱ्यांचं आतलं गाव बघायचंय, जिथे बस भरभरून टुरिस्ट येत नाहीत असं. कोणाला माहितीये का?

कट्टेकरी:
कम्पुंग नागा बघ ना (कम्पुंग म्हणजे गाव), गारुत-तासिकमालाया रोडला लागून, खाली नदीकाठी. मस्त आहे, पण आता फेमस झालंय.

उनाड_पाखरू:
नागा सोड, कम्पुंग कुताला जा! चियामिस जिल्ह्यात, पार मध्य जावाच्या हद्दीपाशी. घरं सगळी लाकूड-बांबूची, छप्पर पानांचं नाहीतर इजुकचं, म्हणजे आरेन ताडाच्या काळ्या काथ्याचं, आणि पैसा असला तरी सिमेंट-विटांचं घर बांधायचं नाही, रूल म्हणजे रूल. त्याच आरेनचा रस मोठ्या कढईत आटवून गूळ करतात, घट्ट होईस्तोवर ढवळत बसायचं, धुराने डोळे चुरचुरतात पण बघाच. गावाची देवराई आहे, आत फक्त सोमवारी आणि शुक्रवारी सोडतात, तेही अनवाणी, फांदी तोडायची नाही. जंगल असं राखलं म्हणून २००२ मध्ये कल्पतरू हा सरकारी पर्यावरण पुरस्कार मिळालाय. मेलेल्या माणसाला गावात पुरत नाहीत, बाहेर नेतात.

रानवाटकरी:
भारी! देवराईत आपलं आपण गेलं तर चालतं?

उनाड_पाखरू:
अजिबात नको. तिथला राखणदार असतो, कुन्चेन म्हणतात, आधी त्याला भेट. काळे कपडे नकोत, सोनंही नको अंगावर.