संवाद नाहीत, पटकथा आहे

सिनेमात संवादच नाहीत तर लेखकानं केलं काय, असं कुणीतरी विचारलंय. १९५६चा फ्रेंच लघुपट ‘द रेड बलून’ बघा: एक लहान मुलगा आणि त्याच्यामागे फिरणारा लाल फुगा. ३४ मिनिटं, बोलणं जवळपास नाहीच, तरी लेखक-दिग्दर्शक लामोरिसला ऑस्कर मिळालं ते मूळ पटकथेचंच!

टवाळ पोरं गलोलीनं फुगा फोडतात ना, तिथे तो फटकन फुटत नाही. हळूहळू सुरकुतत खाली येतो, मग एक पोरगा त्यावर पाय देतो. कुणी न बोलता दादागिरी अख्खी कळते. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात कूलरपुढे टीव्हीचं निम्मं ऐकूच येत नाही, पण इथे काही अडलं नाही. भाचीनं तर तिथेच रिमोट ओढून घेतला. ‘अगं, पुढे छान आहे,’ म्हटलं, तर ‘नको ना मामा!’

त्यानंतर शहरभरचे फुगे येऊन त्या मुलाला उडवत नेतात, तो शेवट मला मात्र जरा जास्तच गोड वाटतो.