एकवीस दिवसांचा हिशेब सोडा

एखादी गोष्ट एकवीस दिवस नेमानं केली की तिची सवय लागते, तुमचा नेम मात्र तेराव्या दिवशी खंडला, म्हणजे तुमचं मनच कमकुवत, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला. मध्यावरचा आकडा ६६ दिवस, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा चौदाव्या दिवसापासून पुढे चालू करा, पहिल्यापासून नको.

राग आवरायची सवय लावताना मला खरी मदत झाली ती वहीची. चिडचिड झाली की रात्री तीन ओळी लिहायच्या: काय घडलं, मनात काय आलं, मी काय केलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा हाच, की घटना आणि भावना यांच्या मध्ये आपला विचार असतो. महिन्याभरानं वही चाळली, तर मधल्या ओळीत "त्यांनी असं वागायलाच नको होतं" हेच वाक्य पुन्हा पुन्हा. आता ते मनात उमटलं की लगेच ओळखू येतं. राग येतोच, पण लवकर ओसरतो.

वही उशाशी ठेवा, कपाटात नको.