एलएम३८८६ अँप: इनपुटला काहीच जोडलेलं नाही, तरी घूं आणि सूं

तारजोडणी (प्रश्न)
एलएम३८८६ या ऑडिओ पॉवर आयसीवरचा दोन चॅनेलचा अँप (अँप्लिफायर) आहे. घूं म्हणजे जाड गुणगुण (हम), सूं म्हणजे बारीक हिस. २०-०-२० व्होल्टचा टोरॉइड (गोल ट्रान्सफॉर्मर), ब्रिज रेक्टिफायरनंतर दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरडचे फिल्टर कपॅसिटर, सप्लाय ±२७ व्होल्ट. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ठरवणाऱ्या फीडबॅकला ४७ के (किलोओहम) आणि १ के रोध. इनपुटला १०० के लॉग पॉट (व्हॉल्यूमचा नॉब), त्याच्या मधल्या पायातून साधी वायर थेट आयसीच्या १० नंबरच्या पायाला.

इनपुट उघडं ठेवून व्हॉल्यूम वाढवला की घूं वाढतच जाते. आरसीए (इनपुटचं सॉकेट) शॉर्ट केला की ती जवळजवळ थांबते, पण सूं उरते. आणि ती पूर्ण व्हॉल्यूमला नाही, नॉब तीन वाजल्याच्या जागी असताना सर्वांत जास्त येते. नॉब फिरवताना खरखर होते. दोन्ही चॅनेल जोडले तर व्हॉल्यूम शून्यावरही बारीक घूं असते, एकच जोडला तर नाही. आयसी खराब असेल का?

ओहमवाला
आयसीला हात लावू नका. तीन वाजण्याच्या जागेनेच अर्धं उत्तर दिलंय.

इनपुट शॉर्ट असलं की पॉटचं वरचं टोकही ग्राउंडला जातं. मग आयसीला पॉटचे वरचा आणि खालचा असे दोन्ही भाग समांतर दिसतात. शून्यावर रोध शून्य, पूर्ण व्हॉल्यूमलाही शून्य. ५०-५० के अशी वाटणी झाली की २५ के, म्हणजे सर्वांत जास्त. लॉग पॉटमध्ये ही वाटणी नॉब अर्ध्यावर असताना होत नाही, बरीच पुढे होते.

२५ के रोधाचा स्वतःचा औष्णिक नॉइज (उष्णतेमुळे आपोआप होणारी सूं) २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे २.९ मायक्रोव्होल्ट. आयसीचा डेटाशीटप्रमाणे साधारण २. यांची सरळ बेरीज करायची नाही; वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, साडेतीन येतात. तुमचा गेन ४८, म्हणजे स्पीकरवर १७० मायक्रोव्होल्ट.

पॉट १० के लॉग लावा, मग सर्वांत वाईट जागीही रोध २.५ के आणि त्याचा नॉइज ०.९. फीडबॅकचा ४७ के काढून २२ के लावा, गेन २३ होईल. आता स्पीकरवर ५० च्या आसपास उरतील. ±२७ व्होल्टवर आउटपुट जेमतेम २३ व्होल्ट पीक जाणार, त्यासाठी इनपुटला ०.७ व्होल्ट आरएमएस पुरतो. गेन १० च्या खाली मात्र नेऊ नका, हा आयसी तिथे ऑसिलेट होतो (स्वतःच कंप पावू लागतो).

खरखर वेगळी. आयसीचा बायस करंट (इनपुटच्या पायाचा बारीक डीसी प्रवाह) पॉटच्या मधल्या पायातून वाहतोय. पॉट आणि १० नंबरच्या पायामध्ये २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घाला आणि त्या पायापासून ग्राउंडला २२ के. हा २२ के विसरलात तर आउटपुट सप्लायच्या टोकाला जाऊन बसेल आणि स्पीकर जळेल. १ के च्या मालिकेत ४७ मायक्रोफॅरड नसेल तर तोही घाला, म्हणजे डीसी गेन १ राहील.

शिल्डेडवायर
सूंचं वरती आलंच, मी घूंबद्दल लिहितो.

उघड्या इनपुटची घूं हा दोष नाही. १०० के वर लोंबणारी साधी वायर घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ पकडते. शिल्डेड वायर वापरा, जाळी फक्त पॉटच्या बाजूला ग्राउंड करा आणि पॉटची धातूची बॉडी चेसिसला जोडा.

शून्य व्हॉल्यूमला दोन चॅनेल मिळून येणारी घूं म्हणजे आतलाच ग्राउंड लूप. डाव्या-उजव्याचं ग्राउंड पॉटवर एकत्र येतं आणि पुन्हा सप्लायवर एकत्र येतं. प्रत्येक बोर्डवर सिग्नल ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड यांच्यामध्ये १० ओहम टाका. आरसीए सॉकेट चेसिसपासून इन्सुलेटेड हवेत. ग्राउंडचा मुख्य बिंदू ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (मधली तार) आणि फिल्टर कपॅसिटर यांच्यामधल्या तारेवर घेऊ नका. तिथून चार्जिंगचे झटके जातात आणि १०० हर्ट्झची करकरीत घूं येते. कपॅसिटरच्या पुढे वेगळी तार काढून तिथे घ्या.

मोजताना एक काळजी घ्या: साध्या मल्टिमीटरला बहुधा एखाद्या किलोहर्ट्झपर्यंतचंच धड दिसतं. घूं मोजता येईल, सूं नाही.

तारजोडणी
लॅपटॉप चार्जरवर असताना जोडला की घूं परत येते. अँपच्या प्लगची अर्थ पिन काढली तर ती जाते. तसंच ठेवलं तर चालेल का?

शिल्डेडवायर
अजिबात नाही. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर अख्खा डबा २३० व्होल्टवर येईल. चेसिस अर्थला थेट बोल्टने जोडलेलीच राहू द्या. सोडवायचं ते फक्त सप्लाय ग्राउंड आणि चेसिसमधलं जोडकाम: तिथे १० ओहम, त्याला समांतर १०० नॅनोफॅरड, आणि समांतरच ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर, ज्याचे प्लस-मायनस एकमेकांना शॉर्ट केलेले आणि दोन एसी पाय ग्राउंड आणि चेसिसला. लूपच्या मिलिव्होल्टला १० ओहम अडवतो, फॉल्ट करंटला ब्रिज वाट देतो आणि फ्यूज उडतो.