औसा तालुक्यातलं माळवदाचं घर: पाडावं की राखावं?

काळापाषाण:
आमचं पाच खणी दगडी घर, वर माळवद म्हणजे लाकडावर माती पसरलेलं सपाट छप्पर, गावातल्याच गवंड्यानं पणजोबांसाठी बांधलेलं. त्याचा पणतू आजही गावात थापी धरतो. ९३ च्या भूकंपात शेजारचं घर बसलं, आमच्या एका भिंतीला चीर गेली तेवढीच. आता पश्चिमेच्या भिंतीला पोट सुटलंय. भाऊ म्हणतो, पाडून स्लॅब टाकू. कंत्राटदार म्हणतो, बाहेरून सिमेंटचा गिलावा मारा. आई दोघांनाही दारात उभं करेना. काय करावं?

टाकीचा_घाव:
गिलाव्यानं पोट झाकतं, जात नाही. माझे वडील गवंडी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात जाडजूड दगडी भिंतींखालीच माणसं गेली. जाड म्हणजे भक्कम असं आपण धरून चालतो. पण ती एक भिंत नसतेच. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चिपा आणि माती. हादरा बसला की दोन्ही थर फाकतात. गवंड्यानं अधूनमधून भिंतीच्या जाडीइतका लांब दगड आरपार घातला असेल तरच ते एकमेकांना धरून राहतात. तुमच्याकडे तसे आहेत का? माळवदावर माती किती आहे?

काळापाषाण:
कोपऱ्यांत लांब दगड एकाआड एक फिरवून बसवलेत, सुरेख काम आहे. मधल्या भिंतीत एकही सापडला नाही. माती दीड हात!

टाकीचा_घाव:
गळलं की टाक मातीची पाटी, जुनी काढायचं नाव नाही. घरोघरी हेच. आधी ती वीतभर ठेवून बाकीची उतरवा. मग तुळयांना टेकू देऊन पोट सुटलेला भाग उतरवा आणि आरपार दगड घालून पुन्हा रचा. उरलेल्या भिंतीत ठरावीक अंतरावर एकेक दगड काढून आरपार भोक करायचं, वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत हीच पद्धत वापरली. त्या पणतूला हाताशी घ्या, पण इंजिनिअरला दाखवल्याशिवाय दगड हलवू नका.

बाभळीची_सावली:
मातीत रचलेल्या भिंतींवर स्लॅब अजिबात नको, भावाला सांगा. आणि खांब बघितले का? माळवदाचा भार लाकडी खांबांवर असतो. पायथ्याशी पहार टोचून बघा, वाळवी तिथूनच चढते.

काळापाषाण:
टोचली. देवघराजवळचा खांब भुसभुशीत लागला. टेकू आजच लावतोय, आईची खाट ओसरीवर हलवली. ती अर्थातच चिडलीय.