विज्ञान-तंत्रज्ञानाची पुस्तकं सुचवा, लोक शेवटपर्यंत वाचतील अशी (गावच्या वाचनालयासाठी)

डिचोलीवाला

नमस्कार मंडळी. आमच्या गावात देवळाच्या सभागृहाला लागून एक छोटं वाचनालय आहे, चालवणारे आम्ही चार-पाच जण, सगळे नोकरीवाले, संध्याकाळी दोन तास उघडतो. यंदा एका दात्याने फक्त विज्ञानाच्या पुस्तकांसाठी म्हणून पैसे दिलेत, दहा हजारांच्या आसपास, आणि गणेश चवथीच्या आत खरेदी उरकायची आहे. वाचणारे म्हणजे आठवी ते दहावीची पोरं, थोडी कॉलेजची, आणि रिटायर झालेली माणसं जी एरवी कादंबऱ्या नि चरित्रं नेतात.

अडचण अशी की विज्ञानाचं कपाट आमच्याकडे आधीपासून आहे पण त्यातलं कोणी काही नेतच नाही. मी सगळी पुस्तकं चाळून बघितली, बहुतेक नुसती आकड्यांनी गच्च भरलेली, सूर्याचं तापमान इतकं, प्रकाशाचा वेग इतका, मेंदूत पेशी इतक्या. स्पर्धा परीक्षेवाले तेवढे नेतात. रात्री जेवण झाल्यावर कोणी दिवा लावून वाचत बसेल असं त्यात काही नाही. परवा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, सूर्यावर कोणी गेलंच नाही तर त्याचं तापमान कळलं कसं? अख्ख्या कपाटात उत्तर नाही मिळालं. मला अशी पुस्तकं हवीत ज्यात हे ‘कळलं कसं’ असेल. मराठी आधी, पण कॉलेजच्या मुलांसाठी सोपं इंग्रजीही चालेल. कॉम्प्युटर, मोबाईल वगैरे टेक्नॉलॉजीवरचंही सांगा.

मीरामारची_वाट

भाऊ, त्या मुलीला आधी उत्तर देऊन टाका. रंगावरून कळलं. लोखंड तापवलं की आधी लाल, मग पिवळं, मग पांढरट होत जातं, लोहाराला थर्मामीटर लागत नाही. सूर्याच्या उजेडात कुठला रंग किती आहे हे नीट मोजलं की पृष्ठभागाचं तापमान साधारण साडेपाच हजार सेल्सिअस निघतं.

आता पुस्तक निवडायची माझी कसोटी सांगते. हेलियमचं पान उघडायचं. 1868 च्या ऑगस्टमधलं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं, जान्सेन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ त्यासाठी गुंटूरला आला होता. आपल्या शेजारी विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने तिथूनच हेलियम शोधला असं सांगतात, मराठीत छापूनही येतं. पण लॉकयर त्या वेळी इंग्लंडातच होता! त्याने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण वगैरे काही नसताना, सूर्याच्या कडेवर स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र, लावून तिथल्या ज्वाळांच्या रेषा बघितल्या. आणि गंमत बघा, जान्सेनलाही ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं की यासाठी ग्रहणाची वाट बघायची गरज नाही, दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. त्या रेषांतली एक पिवळी रेषा ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. लॉकयर म्हणाला हे नवीन मूलद्रव्य आहे, पुष्कळांनी मानलं नाही, आणि शेवटी 1895 मध्ये रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला तोच वायू पृथ्वीवर युरेनियमच्या एका खनिजात सापडला. म्हणजे सत्तावीस वर्षं एक मूलद्रव्य फक्त सूर्यावर होतं, इथे कोणाच्या हाताला लागलेलं नव्हतं. मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो.

ज्या पुस्तकात ही ओढाताण असेल ते घ्या. ‘हेलियमचा शोध, 1868’ एवढी एकच ओळ असेल तर दुकानातच ठेवून द्या.

फोंड्याचा_ग्रंथपाल

कसोटी चांगली आहे पण ताई, रिटायर झालेली माणसं एकदम स्पेक्ट्रोस्कोपला हात घालणार नाहीत, इतकी वर्षं पुस्तकं देतोय म्हणून सांगतो. त्यांना आधी गोष्ट द्या. नारळीकरांच्या विज्ञानकथा, ‘यक्षांची देणगी’ पासून सुरुवात करा. देताना हा किस्साही सांगा की मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 1974 मध्ये त्यांनी पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती दुसऱ्याच्या हातून लिहून घेतली, आणि पहिला नंबर आला. हे सांगितलं की पुस्तक नेतातच. कथा आवडली की मग ‘आकाशाशी जडले नाते’ द्या, जाडजूड आहे पण खगोलशास्त्रावर मराठीत इतकं स्वच्छ लिहिलेलं फार थोडं आहे, एक शब्द उगाच नाही. चरित्रं नेणाऱ्यांना अच्युत गोडबोल्यांचं ‘किमयागार’. ते सलग वाचायचं नाही, एका वेळी एक शास्त्रज्ञ, तसं वाचलं तर पुरतं, नाहीतर दमछाक होते.

आणि आकड्यांची पुस्तकं कपाटातून काढू नका हां. सहावी-सातवीच्या पोरांना सगळ्यात मोठा, सगळ्यात लांब, सगळ्यात जुना हेच हवं असतं, त्या वयात तीच भूक असते. फक्त ती वेगळ्या खणात लावा.

अनुवाद घेताना जपून. नावाजलेल्या इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद दिसला की आपण डोळे मिटून घेतो, तसं करू नका, मधलं कुठलंही एक पान दुकानातच मोठ्याने वाचून बघा. दोनदा वाचूनही वाक्याचा कर्ता सापडत नसेल तर तुमच्या आठवीच्या मुलीला तो कसा सापडणार?

सांकवाळ_झुआरीनगर

मी टेक्नॉलॉजीचं बोलतो, मी त्याच धंद्यात आहे. कॉम्प्युटर-मोबाईलवरची पुस्तकं घेताना एकच बघा, त्यात कुठलं बटण कुठे दाबायचं हे लिहिलंय की यंत्र चालतं कसं हे लिहिलंय. पहिल्या जातीची पुस्तकं दोन-तीन वर्षांत रद्दी होतात, स्क्रीनच बदलते. दुसऱ्या जातीची टिकतात. इंग्रजीत चार्ल्स पेट्झोल्डचं ‘कोड’ म्हणून पुस्तक आहे, 1999 चं, 2022 मध्ये नवी आवृत्ती आली. ते सुरू होतं दोन मित्रांपासून, रात्री घरच्यांना न कळता टॉर्चने एकमेकांशी बोलायचंय, मग मोर्स, मग ब्रेल, मग तारायंत्र, रिले म्हणजे विजेने उघडमिट होणारा स्विच, आणि एकेक पायरी चढत तुम्ही स्वतःच कागदावर कॉम्प्युटर बांधून मोकळे होता. मधे जरा चढ लागतो, सगळ्यांना नाही झेपणार, पण बारावी सायन्सचा किंवा पॉलिटेक्निकचा एक जरी मुलगा शेवटपर्यंत गेला तरी पैसे वसूल. त्यापेक्षा हलकं हवं असेल तर सायमन सिंगचं ‘द कोड बुक’, गुप्त लिपीचा इतिहास, स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या पत्रांपासून दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या एनिग्मा यंत्रापर्यंत आणि पुढे इंटरनेटवर आपले पैसे सुरक्षित ठेवणाऱ्या कुलपापर्यंत. हे कादंबरीवालेही वाचतील.

पण मला मनापासून वाटतं ते असं की आपल्याकडच्या तंत्रज्ञानावर कोणीतरी मराठीत असं लिहायला पाहिजे. खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतली, मानस घ्या. बांधातली लाकडी दारं, भरतीला नदीचं पाणी चढलं की त्याच पाण्याच्या दाबाने बंद होतात, खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला आतलं पाणी वर राहतं आणि तेच दार बाहेर ढकलून निघून जातं. ना वीज, ना माणूस, दिवसातून दोनदा चंद्राच्या हिशोबाने उघडझाप. शाळेत जाताना रोज बघितलं आणि शाळेच्या पुस्तकात कधी दिसलं नाही. दाब, भरती-ओहोटी, लाकूड खाऱ्या पाण्यात का टिकतं, बांध फुटला तर जमिनीचं काय होतं, एका दारावर अख्खं पुस्तक होईल.

डिचोलीवाला

खूप खूप आभार सगळ्यांचे, लिहून घेतोय. मानशीचं वाचून वडिलांना दाखवलं, ते अर्धा तास बोलत होते. अजून एक विचारतो, वाचनालयात महिन्यातून एकदा कोणीतरी मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असा विचार आहे. त्याला चालेल असं काही? संवादासारखं असलं तर बरं.

रायबंदर_काठ

संवाद म्हणताय तर विज्ञानाचं संवादातलं एक मोठं पुस्तक आपल्याच गोव्यात छापलेलं आहे. गार्सिया द ओर्ता, पणजीत ज्याच्या नावाची बाग आहे तो. पोर्तुगीज वैद्य, 1534 मध्ये इथे आला आणि इथेच राहिला, 1563 मध्ये त्याचं इथल्या औषधी झाडपाल्यावरचं पुस्तक गोव्यात छापून निघालं. पूर्ण पुस्तक म्हणजे दोघांची बोलणी, एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो, युरोपातून नुकताच आलेला, कल्पनेतला. रुआनो सारखा जुन्या ग्रीक पंडितांचे दाखले देतो आणि ओर्ता म्हणतो ते राहू दे, मी इथे काय बघितलं ते ऐक. मधेच अंतोनिया नावाच्या मोलकरणीला हाक मारून झाडपाला आणायला सांगतो. आंबा, फणस, नारळ, सुपारी, वेलची, हिंग, सगळ्यावर प्रकरणं आहेत, आणि पटकीच्या रोग्याचं वर्णन तर डोळ्यांनी बघून केलेलं. चार वर्षांत क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं लॅटिन केलं आणि युरोपभर गेलं. आणि ओर्ता वारल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली, मूळचा ज्यू म्हणून. ज्या माणसाने या मातीतलं झाड न् झाड समजून घेतलं त्याला हीच माती मिळू दिली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मार्कहॅमचं इंग्रजी भाषांतर 1913 चं आहे. आंब्याचं प्रकरण आपल्या मराठीत सांगा, एक ओर्ता होईल, एक रुआनो. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात तिला, बांधायची फळं-पानं समोर ठेवून केलंत तर आजीबायाच पुढचं सांगतील.

जाता जाता दामोदर कोसंबींचंही वाचा. गोव्यातच 1907 मध्ये जन्मलेले, गणिती. जुनी आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी त्यांनी वजनकाट्यावर तोलली, कारण नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन घटतं, त्यावरून कुठलं आधीचं नि कुठलं नंतरचं ते काढता येतं. झीज खरंच कशी होते ते बघायला त्यांनी चालू नाणीसुद्धा तोलली. हा प्रयोग तुमची पोरं जुन्या-नव्या एक रुपयाच्या नाण्यांवर करू शकतात, फक्त एकाच साच्याची घ्या, कारण सरकारने मधे वजनच बदललंय, आणि काटा सोनाराचा लागेल.

मीरामारची_वाट

मोठ्याने वाचायला फॅरडेची मेणबत्ती! लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61 च्या नाताळात मुलांसमोर दिलेली सहा व्याख्यानं, विषय फक्त एक मेणबत्ती. मेण वातीतून वर चढतं कसं, वरच्या टोकाशी वाटी का होते, जळतं ते मेण नव्हे तर त्याची वाफ, हे सगळं समोर करून दाखवत जातो. मेणबत्ती विझवायची, धुराची रेघ वर जाते तिला काडी लावायची, ज्योत रेघेवरून खाली उडी मारून वात पेटवते. ज्योतीवर बर्फाने गार केलेलं भांडं धरलं की पाणी जमतं, आगीतून पाणी! पोरं ओरडतात बघा. आणि हा फॅरडे पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करणारा गरीब पोरगा, बांधायला आलेलं जेन मार्सेट बाईंचं रसायनशास्त्राचं पुस्तक वाचून या वाटेला लागला. तेही संवादातच, एक बाई आणि तिच्या दोन विद्यार्थिनी.

इंग्रजी पुस्तक फुकट मिळतं, कॉपीराइट कधीच संपलाय. पहिलं व्याख्यान मी मराठीत करून ठेवलंय, शाळेत करते दरवर्षी. तुमचा पहिला शनिवार कळवा, मी येऊन करून दाखवते. बर्फ आणि स्टीलचं भांडं तेवढं तुम्ही बघा, आणि पंखे बंद ठेवा.

फोंड्याचा_ग्रंथपाल

मीही येतो. आणि पैसे सगळे एकदम घालवू नका, निम्मे ठेवा. पणजीतल्या पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन आधी चाळा, मराठीचा विभाग चांगला आहे. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवरची मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात, ती छापून स्पायरल करा. उरलेल्या पैशात पोरं पुढे काय मागतात ते घ्या.