अंबडला दोघांचं व्हीएमसी युनिट: प्रोप्रायटरशिप, भागीदारी, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?

प्रश्न: गाळा_नंबर_९

मंडळी, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोघं मित्र व्हीएमसीवर (धातूचे भाग कापून घडवणारं संगणकी मशीन) जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम, सुरू करतोय. एक वापरलेलं मशीन मित्राच्या नावावर आहे, अंदाजे ६ लाखांचं. मी ४ लाख रोख घालणार. दुसरं मशीन बँकेच्या कर्जावर घ्यायचंय. काही ऑर्डरना माल आमचाच असेल, म्हणून उलाढाल वर्षाला ६० लाख आणि नफा १२ लाखांच्या आसपास धरलाय. सातपूरची एक कंपनी व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद) द्यायला तयार आहे. जीएसटी, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) आणि कॅन्सल चेक मागतेय.

घरचे म्हणतात, एकाच्या नावावर प्रोप्रायटरशिप करा आणि नफा निम्मा वाटून घ्या. दुसरा सल्ला असा की प्रायव्हेट लिमिटेडच करा, म्हणजे राहत्या घरावर काही येणार नाही. काय करावं?

बिलबुक

एकाच्या नावावर धंदा आणि दोघांत नफा, हे करू नका. कागदावर मालक एकच. सगळं उत्पन्न त्याच्या पॅनवर, कर्ज त्याच्या सिबिलवर, बिलं बुडाली तर दावाही त्यालाच लावता येतो. तुमचे ४ लाख त्याच्या खात्यात गेले की ते भांडवल ठरत नाही, फार तर हातउसने. पुढे वाजलं तर ते सिद्ध करत बसायचं.

दोघं आहात तर किमान भागीदारी करा, आणि ती नोंदवा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, म्हणून बरेच जण डीड (भागीदारीचा करारनामा) नोटरी करून थांबतात. खरी मेख कलम ६९ मध्ये आहे: फर्म नोंदलेली नसेल तर करारातून येणं असलेल्या रकमेसाठी तिला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. तो मात्र तुमच्यावर लावू शकतो. जॉबवर्कमध्ये पैसे अडकणं हे रोजचं, त्यामुळे ही नोंदणी आधी. नंतर भागीदार बदलला तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे तेही कळवायचं. दाव्याच्या दिवशी त्याचं नाव नोंदवहीत लागतं.

मशीनचं जपून करा. महाराष्ट्रात डीडवरची स्टॅम्प ड्युटी रोख भांडवलाच्या साधारण १ टक्का, किमान ५०० रुपये. पण रोख सोडून दुसरी मालमत्ता भांडवल म्हणून लिहिली की त्या भागावर कन्व्हेयन्सच्या (मालमत्ता हस्तांतराच्या) दराने ड्युटी लागते. डीड टाइप करणारा हे विचारत नाही. वकिलाला सरळ विचारा की मशीन भांडवलात दाखवायचं, फर्मला विकायचं की फर्मला भाड्याने द्यायचं. तिन्हींचा कर वेगळा.

डीडमध्ये भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज (जास्तीत जास्त १२ टक्के) स्पष्ट लिहा. लिहिलं नसेल तर फर्मला ती वजावट मिळत नाही. आणि दोनच भागीदार असतील तर एकाच्या मृत्यूने फर्म संपते, ‘वारस चालवतील’ असं लिहिलं तरी, कारण एकट्याची फर्म नसते. तिसरा भागीदार, अगदी ५ टक्क्यांचा का होईना, घरातला घेऊन ठेवला तर ती अडचण टळते. मात्र देण्यांची जबाबदारी त्याच्यावरही पूर्ण येते, टक्का कितीही असो.

फॉर्म_आठ

‘लिमिटेड केलं की घर सुरक्षित’ हे अर्धंच खरं. नवीन कंपनीला मशीनसाठी कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागतेच. सीजीटीएमएसई (लघुउद्योग कर्जांची सरकारी हमी योजना) कव्हर असलं तरी बाहेरच्या जामिनाची गरज टळते, प्रवर्तकांची हमी टळत नाही. म्हणजे तुमच्या सगळ्यात मोठ्या देण्याच्या बाबतीत ‘मर्यादित जबाबदारी’ हा नुसता शब्दच उरतो. पुरवठादाराची उधारी, रिजेक्ट झालेल्या मालाची भरपाई, इथे ती खरी कामाला येते.

मी इथे एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) सुचवेन. ती वेगळी कायदेशीर व्यक्ती असते, एका भागीदाराच्या मृत्यूने लगेच संपत नाही. एकटा उरला तर ६ महिन्यांत दुसरा घ्यायचा, नाहीतर त्यानंतरच्या देण्यांना तो स्वतः जबाबदार. फिलिप फॉर्मवर नोंदणी, ५ लाखांवर, १० लाखांपर्यंतच्या भांडवलाला सरकारी फी ४,००० रुपये. करार फॉर्म ३ मधून ३० दिवसांत. मग दरवर्षी फॉर्म ११ (वार्षिक विवरण) ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ (हिशोब) ३० ऑक्टोबरपर्यंत. धंदा शून्य झाला तरी हे दोन भरायचेच, विसरलं की लेट फी वाढत जाते. आणखी एक: उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं की एलएलपीला ऑडिट. तुम्ही ६० लाख म्हणताय, म्हणजे पहिल्याच वर्षी.

प्रायव्हेट लिमिटेडला उलाढाल कितीही असो, ऑडिट सक्तीचं. वर नोंदणीनंतर १८० दिवसांत आयएनसी-२०ए (धंदा सुरू करण्याचं घोषणापत्र), भागभांडवल खात्यात जमा झाल्याच्या पुराव्यासह. ते भरल्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. बाहेरचा गुंतवणूकदार नसेल तर एवढा खटाटोप कशाला?

ताळेबंद_नाशिकरोड

आयकरात अंदाजित उत्पन्नाची, म्हणजे उलाढालीच्या ६ टक्के हेच उत्पन्न धरायची, सवलत एलएलपीला नाही, साध्या भागीदारीला आहे. ६० लाखांच्या धंद्याला तीच सोपी.

बिलबुक

सोपी आहे, स्वस्त असेलच असं नाही. ६० लाखांचे सगळे पैसे बँकेतून आले तर ६ टक्के म्हणजे ३.६ लाख उत्पन्न. फर्मचा दर सेससह ३१.२ टक्के, म्हणजे १,१२,३२० रुपये कर. इथे भागीदारांचा पगार वेगळा वजा होत नाही.

नेहमीची वही ठेवली तर? व्याज वजा जाता नफा १२ लाख धरा. भागीदारांच्या पगाराच्या वजावटीची मर्यादा अशी: पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के म्हणजे ५.४ लाख, उरलेल्या ६ लाखांवर ६० टक्के म्हणजे ३.६ लाख, एकूण ९ लाखांपर्यंत पगार वजा. उरले ३ लाख, त्यावर कर ९३,६०० रुपये. दोघांना साडेचार लाख प्रत्येकी. दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या रिबेटमुळे त्यावर कर शून्य. खरा नफा २० लाख निघाला तर चित्र उलटं, तेव्हा दरवर्षी मांडून बघायचं.

१ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २०,००० च्या वर पगार-व्याज दिलं की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. त्यामुळे फर्मला पहिल्या दिवसापासून टॅन (टीडीएस भरण्याचा नंबर) हवा. छोट्या फर्मांचं इथेच चुकतं: मार्चएंडला एकदम नोंद घालतात आणि टीडीएस राहतो.

गाळा_नंबर_९

म्हणजे भागीदारीने सुरुवात करून नंतर एलएलपी किंवा कंपनी करता येईल ना? आणि आता कागदांचा क्रम काय?

फॉर्म_आठ

करता येईल, पण फुकट नाही. रूप बदललं की पॅन बदलतो, मग जीएसटी, उद्यम, करंट खातं, व्हेंडर कोड सगळं नवं. जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून नव्या नंबरवर न्यावं लागतं, आणि जुना नंबर त्याआधी रद्द केला तर ते अडकतं. म्हणून दोन-तीन वर्षांत गुंतवणूकदार आणायचा विचार पक्का असेल तर आत्ताच पुढचं रूप घ्या.

बिलबुक

क्रम: आधी गाळा. मूळ प्लॉटधारकाने पोटभाड्याची एमआयडीसीची परवानगी घेतलीय का, ते बघा. नसेल तर पुढे अडतं, कारण बँक हाच कागद मागते. भाडेकरार, मालकाचं एनओसी आणि महावितरणचं ताजं बिल, तिन्हींवर गाळ्याचा नंबर एकसारखा हवा. मग डीड, फर्मचा पॅन आणि टॅन, रजिस्ट्रारकडे अर्ज, करंट खातं, जीएसटी, उद्यम.

डीडआधी दोघांचे आधार आणि पॅन शेजारी ठेवून नावं जुळवा. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गायब, हे आपल्याकडे फार. त्यावरूनच अर्ज परत येतात, आणि एलएलपी केलीत तर डिजिटल सहीही.

जीएसटीला ४० लाखांची मर्यादा मालविक्रीसाठी आहे. दुसऱ्याच्या मालावरचं जॉबवर्क ही सेवा, तिथे २० लाख. तुम्हाला तसाही व्हेंडर कोडसाठी नंबर हवाच.

उद्यम फुकट आहे, फक्त सरकारी पोर्टलवरच काढा, पैसे मागणाऱ्या तशाच दिसणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. पण पहिल्या बिलाआधी काढा आणि नंबर बिलावर छापा. लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशिराला बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उद्यम नंतर काढलं तर आधीच्या बिलांवरून वाद होतो.

प्रोफेशन टॅक्स विसरू नका. प्रत्येक भागीदाराला वर्षाला २,५०० रुपये, आणि कामगार ठेवले की त्यांच्या कपातीसाठी वेगळा नंबर.