अनुभव धागा: ऑल्ट+टॅब आणि आपली बोटं

टंकनिका:
परवा लेकीच्या नव्या लॅपटॉपवर हिशेब करायला बसले. एक्सेल, टॅली आणि ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल. तीन खिडक्या असल्या की दरवेळी ऑल्ट धरून दोनदा टॅब मारायचा, तिन्ही आपोआप फिरत राहतात. मान व्हाउचरवर, स्क्रीनकडे बघायचंसुद्धा नाही. वर्षानुवर्षं असंच चाललंय. टक टक, ४७,८५०, एंटर.

टॅलीत काहीच उमटलं नाही. तो आकडा लेकीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर गेला. लगेच उत्तर आलं, ‘एवढे नाहीत गं माझ्याकडे.’

आता म्हणे ब्राउझरमधला एकेक टॅबही खिडक्यांच्या रांगेत घुसतो. दुसऱ्या नंबरावर चॅट येऊन बसलं होतं.

१९९८ चा सांगलीतला डीटीपी क्लास आठवला. विंडोज ९५. पेजमेकरमध्ये पत्रिकेचा मजकूर, कोरलमध्ये गणपती. सर मॉनिटरवर टॉवेल टाकायचे आणि म्हणायचे, ‘आता बदल खिडकी.’ टॉवेल काढला की बरोबर गणपती दिसला पाहिजे!

तुमच्या बोटांचं काय झालं? लिहा.

खिडकीवाला:
सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग. तिथे एज ब्राउझरचे टॅब दाखवू नका असं निवडा. २०२० च्या शेवटी विंडोज १० च्या अपडेटमध्ये आलं हे. मलाही दोन दिवस वाटत होतं, वय झालं.

गोधडी:
लिनक्सवाल्यांनी हे २०११ मध्येच भोगलंय. ग्नोम ३ हा नवा डेस्कटॉप आला आणि ऑल्ट+टॅब खिडक्यांऐवजी प्रोग्राम बदलायला लागलं. दोन टर्मिनल असली तरी रांगेत एकच चित्र. मी समजायचो दुसरं बंद पडलं, की उघड नवीन. शुक्रवारी मोजली, एकोणीस निघाली. त्याच प्रोग्रामची दुसरी खिडकी हवी तर ऑल्ट आणि टॅबच्या डोक्यावरची कळ, हे सांगायला शेजारच्या टेबलावरचा पोरगा लागला. नंतर सेटिंगमध्ये जाऊन जुनं ते जुनंच करून घेतलं.

अळूवडी:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. ऑफिसात मॅक, घरी विंडोज. मॅकवर खिडकी खाली सारून ठेवली की कमांड+टॅबने ती येतच नाही, नुसता वरचा मेनू बदलतो. घरी आलं की अंगठा कमांड शोधतो आणि सापडतो ऑल्ट. शिट्टी झाली, येते नंतर.

बाकावरचा:
आमच्या वेळी ऑल्ट+टॅबचा उपयोग एकच. साहेबांच्या चपलांचा आवाज आला की फ्रीसेलचे पत्ते जाऊन हिशेबाचं लेजर आलं पाहिजे. 😄 एकदा चुकून दोन वेळा दाबलं गेलं आणि लेजर येऊन परत फ्रीसेल. साहेब म्हणाले, लाल नव्वी काळ्या दश्शीवर लाव.

खिडकीवाला:
😂😂 विंडोज व्हिस्टातला उघड्या खिडक्यांचा तो तिरका पसारा आठवतो का, पत्ते मांडल्यासारखा? विंडोज+टॅब. विंडोज ८ मध्ये काढून टाकला. कामाचा शून्य, पण पाहुण्यांना दाखवायला झकास.

काना_मात्रा:
माझं दुखणं वेगळं. उलटं फिरायला ऑल्ट+शिफ्ट+टॅब. त्यात टॅब निसटला की उरतं ऑल्ट+शिफ्ट, म्हणजे भाषा बदल. मेल सुरू केली ‘डिअर’ने आणि उमटलं ‘अाोी’. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर टाइप करणाऱ्यांना कळेल. भाषेसाठी आता विंडोज+स्पेस वापरा म्हणतात. मी वापरते. बोटं वापरत नाहीत.

गोधडी:
‘अाोी’ म्हणजे साहेबांना हाक मारल्यासारखं झालं.

कृष्णाकाठ:
टंकनिकाताई, सांगलीत कुठे क्लास? आमची पत्रिका ९९ ची, गणपती पेठेत केलेली. त्यात मामांचं नावच राहिलं, ते अजून काढतात.

टंकनिका:
अहो पेठेतलाच! पण ९९ मध्ये मी कोल्हापूरला होते, मामा माझ्या माथी नकोत. 🙏

कृष्णाकाठ:
बरं, सोडलं. भडंग मिळतं का हो तिकडे?

अळूवडी:
आले. भडंग कुठे?

टंकनिका:
खिडकीवाला, तुम्ही सांगितलेलं सेटिंग काल रात्री बदललं, हात एकदम सुटला. आज सकाळी लेक कावली, ‘आई, माझे टॅब कुठे गेले? ऑल्ट+टॅबमध्ये येतच नाहीयेत!’ तिचीही बोटं तयार झालीत वाटतं.

बाकावरचा:
टॉवेल टाका तिच्या स्क्रीनवर.